एका पानावर पाच वर्षं: फुलं, पाऊस, जेवण आणि वाटांची वही कशी ठेवावी

नानांच्या पावसाच्या वहीत ११ डिसेंबर १९६७ या तारखेसमोर एकच शब्द आहे: ‘निरंक’. नाना म्हणजे माझे वडील. ते पाटणच्या कचेरीत कारकून होते आणि आवारातल्या पर्जन्यमापकाचं पाणी मोजून लिहिणं हे त्यांच्याकडचं काम. त्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. आमच्या घराची मागची भिंत बसली. मी आठ वर्षांची होते, आईनं मला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं. आणि सकाळी साडेआठला नाना कचेरीच्या आवारात गेले, मापक पाहिलं, कोरडं होतं, तसं लिहिलं आणि परत आले. त्यांची ती निष्ठा आठवली की आजही माझे हात जोडले जातात. पण त्या पानावर भूकंप नाही.

आईनं कधी वही ठेवली नाही. तिला सगळं चवीवरून आठवायचं. भूकंपानंतर अंगणात तीन दगडांच्या चुलीवर तिनं हुलग्याचं माडगं केलं होतं, शेजारच्या चार घरांनी तेच प्यायलं, आणि दारातल्या भरात आलेल्या शेवंतीवर भिंतीची माती पडली होती, हे ती शेवटपर्यंत सांगायची. मात्र ते त्याच दिवशी की चौथ्या दिवशी, हे तिला कधी सांगता आलं नाही.

नानांकडे तारीख आणि आकडा होता, आईकडे चव आणि फूल. १ जानेवारी २०२१ ला मी वही सुरू केली ती या दोघांना एका पानावर आणायला. आता पहिली वही भरली. साताऱ्यातल्या आमच्या गल्लीत आणि नात्यात ती पाहून बऱ्याच जणी विचारतात, कशी ठेवायची. म्हणून हे सविस्तर लिहिते.

वही आणि आखणी

चारशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीचं लाँगबुक घ्या. छापील डायरी नको. तिच्यात एका तारखेला एकच वर्ष बसतं. आपल्याला एका तारखेला पाच वर्षं हवी आहेत.

एका पानावर एक तारीख. २९ फेब्रुवारी धरून ३६६ पानं होतात, मागे ३४ उरतात, ती लागतात. तारखा एकदम लिहायला बसू नका, कंटाळा येतो. महिन्याच्या शेवटी पुढच्या महिन्याच्या लिहा. पानावर आडव्या रेघा मारून पाच खण करा आणि प्रत्येक खणाच्या डाव्या कडेला वर्ष घाला. सगळ्यात वरच्या दोन ओळी मात्र मोकळ्या ठेवा. त्या कशासाठी, ते शेवटी येईलच.

एका खणात चार गोष्टी: फूल, आभाळ, पान, वाट. पान म्हणजे जेवणाचं पान. वाट म्हणजे प्रवासाची आठवण. प्रत्येकीला एक ओळ, फार तर दीड. पहिल्या वर्षी तुम्हाला जागा कमी वाटेल आणि खाली पुढच्या वर्षाच्या खणात उतरावंसं वाटेल. उतरू नका. ती जागा पुढच्या वर्षीच्या तुमची आहे.

साधं बॉलपेन वापरा. जेल पेनाची शाई पावसाळ्यात दमट कागदावर पसरते. माझी २०२१ ची जुलैची दहा-बारा पानं तशी गेली, अक्षरं लागतात पण डोळे ताणावे लागतात. वही ओट्याजवळ किंवा खिडकीत ठेवू नका. आषाढ-श्रावणात मी ती लोखंडी कपाटात ठेवते, सोबत वाळवलेली कडुनिंबाची पानं. दर पंधरवड्याला ऊन पडलं की तासभर उघडी ठेवते.

लिहायचं दोनदा. सकाळी साडेआठला आभाळ आणि फूल. रात्री ओटा आवरल्यावर पान आणि वाट. सगळं रात्रीवर ढकललं तर फुलं विसरतात.

आभाळ

हे मी नानांकडून शिकले, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

पाऊस मोजायला महाग काही लागत नाही. खालपासून वरपर्यंत सारख्या तोंडाचा, सरळ उभ्या कडांचा डबा हवा. पातेलं चालत नाही, कारण ते तळाशी गोलावतं आणि माप चुकतं. कडा सरळ असतील तर डबा अरुंद असो की रुंद, आत साठलेल्या पाण्याची उंची तेवढाच पाऊस. वीस मिलिमीटर पाणी म्हणजे वीस मिलिमीटर पाऊस. मोजायला स्टीलची पट्टी उभी बुडवा, पण आधी पट्टीचा शून्य कुठे आहे ते पाहा. पुष्कळ पट्ट्यांत शून्याच्या आधी थोडी कोरी कड असते, तेवढा पाऊस तुमच्या वहीतून रोज गळेल.

कमी पाऊस डब्यात नीट मोजता येत नाही. त्यासाठी दहा सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं बाटलीवर बसवा आणि साठलेलं पाणी औषधाच्या मापानं मोजा. दहा सेंटिमीटरच्या नरसाळ्यात एक मिलिमीटर पावसाचं साधारण ७.८५ मिलिलिटर पाणी जमतं. म्हणजे १५७ मिलिलिटर पाणी भरलं तर पाऊस २० मिलिमीटर. नरसाळं बाटलीत सैल बसत असेल तर वारा ते पाडतो. भोवती कणकेसारखी माती लावून टाका.

डबा भिंतीपासून, झाडापासून लांब ठेवा. नाना म्हणायचे, झाड जेवढं उंच त्याच्या दुप्पट लांब. गच्चीत ठेवायचा तर कठड्याजवळ नको, मधोमध ठेवा आणि आजूबाजूला विटा लावा.

साडेआठच का? हवामान खातंही चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठपर्यंतचा धरतं. तुमची वेळ तीच असली तर वर्तमानपत्रातला आकडा आणि तुमचा आकडा शेजारी ठेवता येतो. वहीत मात्र लिहायचा तो आपल्या डब्यातलाच. आमच्या एका जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. मधे सातारा. २३ जुलै २०२१ च्या सकाळी महाबळेश्वरचा चोवीस तासांचा आकडा ५९४ मिलिमीटर आला, खाली चिपळूण पाण्यात गेलं होतं. दिवसभर टीव्हीवर तोच आकडा होता आणि मी तो वहीत लिहायला हात उचलला होता. मग थांबले. माझ्या अंगणात तेवढा पडला नव्हता, जवळपासही नव्हता. माझा आकडा लिहिला आणि खाली ‘चिपळूणची बातमी, जेवण गेलं नाही’ एवढंच.

आकड्याशेजारी पावसाचं नाव लिहा. भुरभुर, पिरपिर, झड, सर, वळीव: हे सगळे वेगळे पाऊस आहेत. वीस मिलिमीटर वळवाचा पाऊस कुंडीतली माती उडवतो, वीस मिलिमीटर पिरपिर मुळाशी जाते. बागेला दोन्ही सारखे नाहीत. नक्षत्रही लिहा. मृग ७-८ जूनला लागतं, आर्द्रा २१-२२ला, मग जुलैत पुनर्वसू आणि पुष्य, आईच्या भाषेत ‘तरणा’ आणि ‘म्हातारा’. ऑगस्टमध्ये आश्लेषा आणि मघा. ही नावं वहीत असली की घरातली मोठी माणसं पान वाचू लागतात, नुसत्या मिलिमीटरनं वाचत नाहीत.

पाऊस नसेल त्या दिवशीही आभाळ लिहायचं. माझं माप अजिंक्यतारा. आमच्या गच्चीतून किल्ला समोर दिसतो. ‘मनोऱ्यासकट दिसतो’, ‘तटापर्यंत दिसतो’, ‘किल्ला नाही’. या तीन शब्दसमूहांत धुकं, धूळ आणि ढग सगळं येतं. तुमच्याकडे किल्ला नसेल तर पाण्याची टाकी घ्या, समोरची इमारत घ्या. पण ठरवलेली खूण बदलू नका.

फूल

इथे सगळ्यांचा हात सैल सुटतो. ‘आज मोगऱ्याचा घमघमाट सुटला होता, मन प्रसन्न झालं’ असं मीही पहिल्या महिन्यांत लिहिलं आहे. पुढच्या वर्षी ते वाचून हाती काही लागत नाही. फूल मोजा, आणि त्याच्या तीन तारखा पकडा: पहिलं, भर, शेवटचं. मधले दिवस ‘चालू’ म्हटलं तरी पुरे.

जास्वंद मोजता येते, अनंत मोजता येतो. पारिजातक मोजता येत नाही. त्याचा सडा मी एकाच लहान परडीनं मोजते: पाव परडी, अर्धी, भरून, ओसंडून. परडी पाच वर्षं तीच आहे. बकुळीचंही तसंच, फक्त बकुळ वेचून ठेवली तर वाळल्यावरही वास धरते, म्हणून ती रात्री मोजली तरी चालते. पारिजातक उन्हं येण्याआधी.

आणि फुलासोबत आपण त्याला काय केलं ते लिहा. छाटणी, खत, पाणी तोडलं, कुंडी हलवली. हे लिहिलं नाही तर वही नुसती मोगऱ्याचं कौतुक करत राहील, मोगरा तुमचं ऐकणार नाही. माझं उदाहरण देते. २०२१ मध्ये छाटणी केलीच नाही, मोगरा २ एप्रिलला आला. २०२२ ला २६ जानेवारीला छाटला, पानं खुडली, आठवडाभर पाणी हात राखून दिलं, मग शेणखत घातलं आणि भरपूर पाणी सुरू केलं. पहिलं फूल ११ मार्चला. २०२३ ला घरात आजारपण होतं, छाटणी २० फेब्रुवारीपर्यंत राहिली, फूल ६ एप्रिलला. २०२४ ला पुन्हा २६ जानेवारी, फूल १० मार्चला. पानं पुढे-मागे करून दिवस मोजले तर ४४, ४५, ४४.

मला फार वर्षांपासून पाडव्याच्या गुढीला घरच्या मोगऱ्याची माळ हवी होती. २०२५ चा पाडवा ३० मार्चला होता. उलटे दिवस मोजून १० फेब्रुवारीला छाटणी केली. २७ मार्चला पहिली सहा फुलं आली आणि पाडव्याला बावीस. माळ आखूड झाली, पण झाली. तुमच्याकडची हवा, कुंडीचा आकार, ऊन वेगळं, तेव्हा हे ४५ दिवस उचलून नेऊ नका. तुमचा आकडा तुमच्या वहीतून दोन वर्षांत निघेल.

ऐकीव गोष्टीही वहीत लावून पाहा. बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस, असं सगळे सांगतात. आमच्या रस्त्यावर एक बहावा आहे. २०२३ ला तो १६ एप्रिलला भरला आणि मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याचं २५ जूनला जाहीर झालं: सत्तर दिवस. २०२५ ला १९ एप्रिलला भरला आणि मुंबईत पाऊस २६ मेलाच आला: सदतीस दिवस. मला बहावा अतिशय प्रिय आहे, त्याच्या झुंबराखाली मी मुद्दाम रिक्षा थांबवते, पण पावसाचा भरवसा मी आता त्याच्यावर ठेवत नाही.

‘नाही’ हेही लिहा. ही सवय लागायला मला वेळ लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये देशभर पावसानं ओढ दिली, १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. माझ्या त्या महिन्याच्या पानांवर रोज आहे: ‘पारिजातक अजून नाही.’ एरवी तो जुलैच्या अखेरीला किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्या वर्षी १९ ऑगस्टला आला, तोही पाव परडी. तो ‘नाही’ लिहिला नसता तर १९ तारखेच्या पाव परडीची किंमत कळली नसती.

बाग नाही म्हणून अडू नका. माझी मुलगी इंग्लंडमध्ये फ्लॅटमध्ये राहते. तिनं माझ्यासारखीच वही केली आहे, त्यात खिडकीतली पुदिन्याची कुंडी आणि बसथांब्यामागचे डॅफोडिल आहेत. रविवारी फोनवर आम्ही दोघी त्या दिवसाचं पान एकमेकींना वाचून दाखवतो.

पान

सगळं ताट लिहायचं नाही. एक पदार्थ, आणि तो कुठून आला. ‘घेवड्याची उसळ, घेवडा कोरेगावचा, जावेनं दिला.’ ‘कैरीची आंबेडाळ, कैरी मागच्या दारची, पहिली.’ एवढ्यात ऋतू येतो, नातं येतं, आणि बाजारही येतो. साधा वरणभात असेल तर तोही लिहा, आणि तो का केला ते. कुणी आजारी होतं, गॅस संपला, उशीर झाला, की फक्त खावासा वाटला.

सणाच्या दिवशी मात्र दीड ओळ पूर्ण वापरा. भोगीची भाजी घ्या. त्या एका भाजीत त्या वर्षीची थंडी असते. वांगं, गाजर, पावटा, घेवडा, सोलाणे, बोरं, उसाचे करवे, तीळ, शेंगदाणे: काय मिळालं आणि काय मिळालं नाही ते लिहा. २०२२ ला माझ्याकडे आहे, ‘पावटा किडका, घातला नाही.’ यंदा १३ जानेवारीला नव्या वहीत पहिलीच भोगी लिहिली, त्यात बोरं नाहीत. दोन मंडया फिरून बोरं नव्हती. आई असती तर म्हणाली असती, बोरांशिवाय कसली भोगी.

जेवण आणि आभाळ यांची गाठ पडते ती पानं मला सर्वांत आवडतात. २०२५ च्या मे अखेरीला गच्चीत कुरडया घातल्या होत्या, चीक शिजवून, पहाटेपासून राबून. दुपारी आभाळ भरलं आणि पुढे पाऊस थांबलाच नाही. ओल्या कुरडया परातीत गोळा करून आत आणल्या, पंख्याखाली पसरल्या, तरी निम्म्या आंबल्या. त्या पानावर पावसाचा आकडा आहे, अनंताची तीन फुलं आहेत आणि ‘कुरडया भिजल्या. उरलेल्या चिकात दूध-गूळ, सगळ्यांनी वाटीवाटी खाल्ला’ असं आहे. आता कुरडयांचं वाळवण मी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उरकते.

दर लिहायचा का, असं एकीनं विचारलं. लिहायचा असेल तर एकाच वस्तूचा लिहा. मी मेथीच्या जुडीचा लिहिते. दहा वस्तूंचे लिहायला गेलात तर तो हिशेबाचा कागद होतो आणि पंधरा दिवसांत बंद पडतो.

वाट

प्रवासवर्णन लिहू नका. गेलो, पाहिलं, मुक्काम केला, हे या वहीचं काम नाही. इथे आठवण लिहायची ती आज कशावरून तरी आली असेल तरच. आणि ते ‘कशावरून’ आधी लिहायचं. काही आलं नाही तर रेघ मारून सोडून द्या. माझ्या वहीत वाटेची ओळ आठवड्यातून दोनदाच भरते.

एक पान उतरवून देते, १४ ऑगस्ट २०२२ चं. ‘फूल: ब्रह्मकमळ ४, रात्री दहाला पूर्ण. आभाळ: ११ मिमी, पिरपिर, किल्ला नाही. पान: अळूचं फदफदं, अळू नळाजवळचं. वाट: ब्रह्मकमळावरून हेमकुंड, ऑगस्ट २०१७. तिथलं ब्रह्मकमळ वेगळंच. पिवळट-हिरव्या कागदी पाकळ्या, थंडीनं बोटं बधिर.’

आपण घरी लावतो ते ब्रह्मकमळ मुळात मध्य अमेरिकेकडचं निवडुंग आहे. ते पानाच्या कडेला कळी धरतं. कळी आधी खाली लोंबते, मग मान उचलते, आणि मान उचलली की दोन-चार दिवसांत एका रात्री उमलून पहाटे मिटते. हिमालयातलं ब्रह्मकमळ त्याचं नात्यातलंही नाही. घांगरियाहून सहा किलोमीटरची चढण चढून चार हजार मीटरच्या वर गेल्यावर ते दगडांच्या आडोशाला दिसलं तेव्हा मी खाली बसून पाहत राहिले. त्याच्या त्या पाकळ्या म्हणजे खरं तर झाकणं, आतली फुलं लहान आणि जांभळी. हे सगळं मी २०१७ ला कुठेही लिहिलं नव्हतं. पाच वर्षांनी दारातल्या फुलानं ते परत आणून दिलं.

आठवणीला दोन गोष्टी बांधा: जागेचं नाव आणि महिना-वर्ष. मग एक चव, वास किंवा स्पर्श. ‘सुरंगी, वेंगुर्ल्याहून शिरोड्याच्या वाटेवर, मार्च २०१९, वळेसर विकणाऱ्या बाईचे हात पिवळे.’ वळेसर म्हणजे सुरंगीचा गजरा. सुरंगीची फुलं फांदीलाच बिलगून येतात आणि उन्हं चढायच्या आत कळ्या काढाव्या लागतात. ती बाई पहाटे झाडावर चढून आली होती. तिचे हात मला चेहऱ्यापेक्षा जास्त आठवतात.

प्रवासाला जाताना मोठी वही घरीच ठेवा. खिशात मावेल अशी छोटी वही न्या, परत आल्यावर त्या त्या तारखेच्या पानावर चारच ओळी उतरवा. अंगणातला डबा मात्र तसाच राहतो. परत आल्यावर एकत्र साठलेलं पाणी मोजा आणि ‘६ ते ११ तारीख मिळून ३८ मिमी’ असं शेवटच्या दिवशी लिहा. सहा दिवसांत वाटून टाकू नका.

कास आमच्या घरापासून पंचवीस किलोमीटर. २०१२ पासून ते पठार जागतिक वारशात आहे आणि सप्टेंबरात गर्दी असते. तिथलं एकही फूल वहीत दाबायला आणू नका. सीतेची आसवं हातात घेतली की मिनिटात मलूल होतात, आणि सातारी वायतुरा तर ज्या गावाचं नाव घेऊन जगतो त्या गावच्यांनीच तो तोडावा हे मला सहन होत नाही. रंग आणि पाकळ्या मोजून लिहा, येत असेल तसं चित्र काढा.

दिवस चुकला तर

चुकतो. माझे पाच वर्षांत शंभराच्या वर खण कोरे आहेत. २०२३ चा फेब्रुवारी जवळजवळ सगळा. कोरा खण कोरा ठेवा. आठ दिवसांनी आठवून भरायचंच असेल तर ओळीच्या आधी ‘मागून’ असं लिहा. पावसाचा आकडा मात्र मागून कधीच नाही. नानांच्या वहीत एका वर्षी तीन दिवस ‘नोंद नाही, ताप’ असं आहे. अंदाजे काहीतरी लिहून टाकणं त्यांना सहज जमलं असतं, कुणाला कळलंही नसतं.

मागची ३४ पानं

दर महिन्याच्या एक तारखेला मागच्या महिन्याची पानं वाचा, मोठ्यानं वाचलीत तर उत्तम. वर्षाच्या शेवटी प्रत्येक झाडाच्या तीन तारखा मागच्या पानांवर उतरवा. एका झाडाला एक पान, वर्षं एकाखाली एक. पावसाची महिनावार बेरीज एका पानावर. पहिली भाजी, पहिली कैरी, पहिला हुरडा एका पानावर. पाच वर्षांच्या आकड्यांवरून हवामान बदललं असं एका अंगणातून म्हणता येत नाही, आणि मी म्हणत नाही. वाळवण कधी घालायचं, छाटणी कधी करायची, कुठल्या आठवड्यात गावाला जायचं नाही, एवढं मात्र नीट कळतं.

अगदी शेवटचं पान ‘पुढच्या वहीसाठी’. पाच वर्षांत न मावणाऱ्या गोष्टी तिथे जातात. कारवी सात वर्षांनी फुलते, ती एका वहीत एकदा येईल किंवा येणारही नाही. नीलकुरिंजी बारा वर्षांनी. २०१८ च्या पुरानंतर ऑक्टोबरात आम्ही मुन्नारला गेलो होतो. पावसानं बहर मोडला होता, तरी एराविकुलमच्या एका उतारावर निळाई टिकून होती. ‘नीलकुरिंजी, २०३०’ हे मी नव्या वहीत उतरवून घेतलं आहे, ती वही २०३० लाच संपेल. त्याखाली: ‘२०२६: मोगरा छाटणी ३१ जानेवारी, पाडवा १९ मार्च.’

आता वरच्या त्या दोन मोकळ्या ओळी. त्या तुमच्या आधीच्यांसाठी आहेत. घरात आजी, आत्या, मोठे काका कुणी असतील त्यांच्याजवळ बसा आणि एक तारीख मागा. कुणाच्या लग्नाची, पुराची, परीक्षेच्या निकालाची, घर सोडल्याची. मग विचारा, त्या दिवशी आभाळ कसं होतं, दारात काय फुललं होतं, काय शिजलं होतं. घाई करू नका. आधी ‘आता कुठलं आठवायला’ म्हणतील, चहा होईपर्यंत गप्प बसतील, आणि मग सांगू लागतील. त्यांच्याच शब्दांत त्या तारखेच्या माथ्यावर उतरवा.

माझ्या ११ डिसेंबरच्या पानाच्या वरती, पाचही खणांच्या आधी, असं आहे:

‘१९६७. निरंक (नाना). पहाटे भूकंप. तीन दगडांची चूल, हुलग्याचं माडगं, चार घरं. त्या दिवशी की चौथ्या, ठाऊक नाही (आई). शेवंती भरात, तिच्यावर माती.’